थीमचं काम चालू आहे? मग कॅश ‘क्लिअर’ नको, बंदच करा!



वेबसाइटवरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न ठरलेला असतो. “सर, बदल केला, सेव्ह पण केला, पण साइटवर दिसतच नाही!” स्वतःच्या हाताने वर्डप्रेसची साइट करणारा हे विचारतो, आणि डेव्हलपरला पैसे मोजून बसलेलाही हेच विचारतो. दोघांना मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : “कॅश क्लिअर करा.”

मला हे उत्तर अर्धवट वाटतं. माझं मत सांगतो. तुमच्या साइटच्या थीमवर काम चालू आहे तोवर कॅश बंद असली पाहिजे. सारखी सारखी क्लिअर करत बसायचं नाही. आणि कॅशचं प्लगइन साइट उभी राहिल्यावर शेवटच्या दिवशी टाकायची गोष्ट आहे. “नवीन साइट केली की पहिली ही दहा प्लगइन टाका” अशा याद्या फिरतात, त्यांत कॅशचं प्लगइन हमखास असतं. नव्या माणसाला तिथूनच त्रास सुरू होतो.

ही कॅश म्हणजे गल्ल्यातली कॅश नव्हे, एवढं आधी सांगून टाकतो. (एका बॅचमध्ये खरंच कुणीतरी घाबरून विचारलं होतं, “कॅश क्लिअर म्हणजे पैसे जाणार का?” हसू नका, शब्द तोच आहे कानाला.)

मिसळीच्या गाडीवर काय होतं बघा. गिऱ्हाईक आलं की कांदा चिरून, मसाला भाजून रस्सा करायला घेत नाहीत. सकाळीच पातेलंभर कट तयार असतो. गिऱ्हाईक आलं, फरसाण टाकलं, वरून कट ओतला, प्लेट पुढे. कॅश म्हणजे ते पातेलं. तुमची वर्डप्रेस साइट कुणी उघडली की सर्व्हर थीममधले साचे वाचतो, डेटाबेसमधून उत्पादनांची नावं आणि भाव काढतो, सगळं जोडून पान बनवतो आणि पाठवतो. प्रत्येक वेळी. शंभर माणसं आली तर शंभर वेळा तेच काम. म्हणून कॅश प्लगइन एकदा बनलेलं पान बाजूला ठेवतं आणि पुढच्यांना तेच वाढतं. साइट झटकन उघडते, स्वस्तातलं होस्टिंगही तग धरतं. छान सोय आहे, मी तिच्या विरोधात नाही.

पण आज तुम्ही मसाल्याचं प्रमाण बदललंय आणि चव बघायची आहे. चमचा मात्र सकाळच्या पातेल्यात बुडवताय. काय कळणार?

खरं नुकसान कुठे होतं

वेळ वाया जातो, हे सगळ्यांना दिसतं. ते छोटं नुकसान आहे. मोठं नुकसान समजून घेण्यासाठी आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं सांगतो. घरगुती मसाले विकतात. साइट स्वतः केली, कौतुकाची गोष्ट. रात्री नऊला “ऑर्डर करा” या बटणाचा रंग बदलायला बसल्या. बदलला, दिसेना. म्हणून रंग जास्त गडद केला. दिसेना. मग कुठेतरी वाचलं की सीएसएसच्या ओळीपुढे ‘इम्पॉर्टंट’ लिहिलं की जोर येतो, तेही केलं. तरी नाही. मग त्यांना वाटलं आपण चुकीच्या फाइलमध्ये लिहितोय, म्हणून तेच दुसऱ्या फाइलमध्येही लिहिलं. जाता जाता लोगोचा आकार मोठा केला, तोही दिसला नाही, म्हणून आणखी मोठा केला. एक वाजला, झोपल्या.

सकाळी कॅशची मुदत संपलेली होती. रात्रीचे सगळे बदल एकदम साइटवर उतरले. मोबाइलवर अर्धा स्क्रीन लोगो, आणि बटण असं काळपट लाल की त्यावरची अक्षरं वाचता येईनात. त्यात गंमत म्हणजे पहिला बदल बरोबर होता! नऊ वाजून दहा मिनिटांनी काम झालेलं होतं. पुढचे चार तास त्या बरोबर कामावर चुका चढवण्यात गेले.

कॅश चालू ठेवून थीमवर काम करण्याचा खरा धोका हा आहे. तुम्ही काय केल्यावर काय झालं, हा धागाच तुटतो. बरोबर केलेलं चूक वाटतं, ते पुसलं जातं. चुकीचं केलेलं जुन्या पानामुळे ठीक वाटतं, ते तसंच राहतं. शिकणाऱ्या माणसासाठी तर हे फार वाईट, कारण करून बघणं आणि परिणाम पाहणं याशिवाय शिकायचा दुसरा मार्गच नाही.

डेव्हलपरला काम दिलंय त्यांचं नुकसान वेगळ्या प्रकारचं. तो सांगतो “केलंय”, तुम्ही सांगता “झालेलं नाही”. दोघंही खरं बोलताय! त्याच्या लॅपटॉपवर नवं पान, तुमच्या मोबाइलवर जुनं. दोन-तीनदा असं झालं की संशय सुरू होतो, हप्ता अडतो, फोन उचलणं बंद होतं. चांगली माणसं अशी दुरावलेली मी पाहिली आहेत, आणि मुळात भांडण कामावरून नव्हतंच.

“पण सर, भाव बदलला की लगेच दिसतो…”

हो, दिसतो. आणि म्हणूनच लोकांचा गोंधळ होतो. ही गोष्ट नीट लक्षात घ्या.

तुम्ही वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमधून एखाद्या उत्पादनाचा भाव बदलता आणि ‘अपडेट’ दाबता, तेव्हा कॅश प्लगइनला त्याची वर्दी मिळते. ते त्या पानाची जुनी प्रत फेकून देतं. चांगली प्लगइन हे आपणहून करतात. पण थीमचं काम म्हणजे बहुतेक वेळा फाइलमधला बदल. हेडरचा साचा, फुटरचा साचा, सीएसएस. ती फाइल तुम्ही किंवा डेव्हलपरने होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून किंवा एफटीपीने बदलली, तर प्लगइनला कुणी सांगतच नाही. त्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. ते निवांत जुनं पान वाढत राहतं.

आता यातून पैशाचा घोळ कसा होतो ते पाहा. दिवाळीची ऑफर आहे म्हणून कुणीतरी भाव थेट थीमच्या बॅनरमध्येच लिहिला : “कांदा-लसूण मसाला १८० रुपये”. ऑफर संपली, बॅनरची फाइल बदलून २२० केलं. बॅनरचं पान कॅशमधून येतंय, तिथे अजून १८०. पण वूकॉमर्समध्ये कार्ट आणि चेकआउटची पानं कॅश करायची नसतात, ती प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ताजी बनतात. तिथे २२०. गिऱ्हाईक काय म्हणेल? “बाहेर एक भाव, आत दुसरा!” त्याला कॅश-बिश काही माहीत नाही, आणि असायचं कारणही नाही. तुम्ही फसवताय एवढंच त्याला दिसतं.

(भाव थीमच्या फाइलमध्ये लिहू नये हा वेगळा धडा. तो दुसऱ्या व्हिडिओत घेतलाय.)

पातेलं एक नसतं

“मी कॅश बंद केली तरी जुनंच दिसतंय” ही पुढची तक्रार. कारण कट एकाच पातेल्यात नसतो.

सगळ्यात जवळचं पातेलं तुमच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये आहे. क्रोमने सीएसएस आणि फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवलेले असतात. काम करताना एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबवर जा आणि ‘डिसेबल कॅश’ या चौकोनात टिक करा. एक बारकावा आहे : ही टिक त्या खिडकीपुरतीच चालते, आणि तो डेव्हलपर टूल्सचा पॅनल उघडा असेपर्यंतच. पॅनल बंद केला की क्रोम परत जुन्या सवयीवर. अनेकांची टिक केलेली असते आणि पॅनल मिटलेला असतो.

त्यानंतर प्लगइन. ते साइटच्या कामापुरतं सरळ डीअ‍ॅक्टिव्हेट करा. सेटिंगमध्ये शोधत बसू नका. मग होस्टिंग. बऱ्याच होस्टिंग कंपन्या स्वतःच्या सर्व्हरवर वेगळी कॅश ठेवतात, ती वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये दिसतही नाही. होस्टिंगच्या पॅनलमध्ये जाऊन बघावी लागते, नाहीतर त्यांच्या सपोर्टला चॅटवर विचारा, “सर्व्हर साइड कॅश चालू आहे का? कशी बंद करायची?” हा प्रश्न जसाच्या तसा विचारा, ते समजतात.

क्लाउडफ्लेअर लावलं असेल तर तिथे ‘डेव्हलपमेंट मोड’ नावाचं बटण आहे. ते चालू केलं की तीन तास त्यांची कॅश बाजूला राहते आणि मग आपोआप पूर्ववत होते. मला ही पद्धत आवडते, कारण विसरभोळ्या माणसाचीही सोय होते. मात्र तीन तासांच्या वर काम लांबलं तर परत चालू करावं लागतं.

आणि खुद्द वर्डप्रेसच्या पोटातही थोडी कॅश आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वर्डप्रेस ६.३ आलं, तेव्हापासून यावर अधिकृत उपाय आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये ‘डब्ल्यूपी डेव्हलपमेंट मोड’ ची एक ओळ टाकायची आणि तिची किंमत ‘थीम’ ठेवायची. मग थीमची रंग-फाँटची सेटिंग्ज ज्या थीम-जेसन फाइलमध्ये असतात, ती वर्डप्रेस दर वेळी ताजी वाचतं. ओळ इंग्रजीत कशी टाइप करायची ते व्हिडिओत दाखवलंय, थांबवून बघून घ्या. ही ओळ कामाच्या साइटवरच ठेवायची असते, गिऱ्हाइकाच्या साइटवर नाही.

हा विचार फक्त वर्डप्रेसवाल्यांचा आहे असंही नाही. घोस्ट हे ब्लॉगचं दुसरं सॉफ्टवेअर घ्या. तिथेही थीम बनवणारा आपल्या कॉम्प्युटरवर ते डेव्हलपमेंट मोडमध्ये चालवतो, तेव्हा साचे कॅश होत नाहीत. प्रॉडक्शनमध्ये होतात. बनवताना कॅश नको, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलंय. आपणच पहिल्या दिवशी प्लगइन टाकून मोकळे होतो.

एक गोष्ट कॅशसारखी वाटते पण कॅश नाही. नवीन ब्लॉक थीम वापरत असाल तर ‘साइट एडिटर’ मधून तुम्ही एखादा साचा बदलून सेव्ह करता, तेव्हा तो बदल फाइलमध्ये जात नाही, डेटाबेसमध्ये जातो. आणि त्यानंतर वर्डप्रेस डेटाबेसमधला साचाच दाखवतं. पुढे डेव्हलपरने फाइल कितीही बदलली तरी साइटवर ढिम्म फरक पडत नाही! कॅश बंद, ब्राउझर नवा, मोबाइल दुसरा, काही उपयोग नाही. अशा वेळी साइट एडिटरमध्ये त्या साच्यावर केलेले बदल रद्द करायचा पर्याय असतो, तो वापरावा लागतो. डेव्हलपर फाइलमध्ये काम करत असेल तर तुम्ही त्या काळात साइट एडिटरला हात लावू नका. दोन आचारी एका चुलीवर नकोत.

लॉगिन करून बघणाऱ्यांची फसगत

बरीचशी कॅश प्लगइन लॉगिन केलेल्या माणसाला कॅशमधलं पान देत नाहीत, ताजं देतात. मालक म्हणून तुम्ही कायम लॉगिन असता. तुम्हाला नवा बॅनर दिसतो, तुम्ही खूश, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस टाकता. गिऱ्हाईक मात्र गेल्या महिन्याचा बॅनर बघतंय. म्हणून तपासणी नेहमी इनकॉग्निटो खिडकीत करा, आणि शिवाय एका अशा फोनवर करा ज्यावर ही साइट कधी उघडलेलीच नाही. घरात कुणाचा तरी असतोच.

आता विरोधी मुद्दा. “सर, कॅश बंद केली तर साइट स्लो होईल, गिऱ्हाईक पळेल.” शंभर टक्के खरं आहे. इन्स्टाग्रामवर जाहिरात चालू आहे, माणसं येतायत, आणि त्याच वेळी तुम्ही स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवरची कॅश बंद केली, तर साइट रांगायला लागेल, कदाचित बसेल. म्हणून माझं म्हणणं पुढे असं आहे की चालू साइटवर थीमचं काम करायचंच नाही. दुकान उघडं ठेवून भिंती रंगवतो का आपण? साइटची प्रत काढा. अनेक होस्टिंगवर ‘स्टेजिंग’ नावाची सोय असते, एका बटणात प्रत तयार. नसेल तर ‘लोकल’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, स्वतःच्या लॅपटॉपवर वर्डप्रेस चालवता येतं, इंटरनेटही लागत नाही. त्या प्रतीवर सगळ्या कॅश बंद. तिथे साइट थोडी हळू उघडली तर बिघडलं काय? तिथे गिऱ्हाईकच नाही.

काम झालं की प्रतीवरून फक्त थीम चालू साइटवर न्यायची. डेटाबेस नाही! हे मी ओरडून सांगतोय असं समजा. स्टेजिंगचा डेटाबेस चालू साइटवर ओतला, तर मधल्या आठ दिवसांत आलेल्या ऑर्डर पुसल्या जातात. होस्टिंगचं बटण दाबताना “फाइल्स” आणि “डेटाबेस” असे पर्याय वेगळे विचारले जातात, तिथे घाई नको. साइट एडिटरमधून केलेले बदल न्यायचे असतील तर त्यातच ‘एक्स्पोर्ट’ आहे, त्याने बदलांसकट थीमची झिप मिळते.

ज्यांना प्रत काढणं अगदीच जमत नाही, त्यांनी रात्री जाहिरात थांबवून तासाभराचं छोटं काम करावं, कॅश बंद करून, आणि उठण्याआधी परत चालू करून. आदर्श नाही, पण कॅश चालू ठेवून चाचपडण्यापेक्षा बरं.

डेव्हलपरशी बोलताना

काम देतानाच कोटेशनमध्ये दोन वाक्यं लिहून घ्या. पहिलं : काम स्टेजिंगवर होईल आणि मला तिथली लिंक मिळेल. दुसरं : “काम पूर्ण” म्हणजे लॉगिन नसलेल्या फोनवर नवं रूप दिसलं तर. चांगला डेव्हलपर याला हरकत घेत नाही, त्याचंच रोजचं डोकं वाचतं. हरकत घेणारा भेटला तर कारण विचारा, शांतपणे.

तो दर वेळी “कॅश क्लिअर करा” म्हणत असेल तर त्याला आणखी एक विचारा : “सीएसएसचा व्हर्जन नंबर वाढवला का?” वर्डप्रेस सीएसएस फाइलच्या पत्त्यापुढे एक नंबर लावतं. नंबर बदलला की ब्राउझर ती नवी फाइल समजून परत आणतो. तुमच्या हजार गिऱ्हाइकांना तुम्ही “कॅश क्लिअर करा” असं फोन करून सांगणार आहात का? मग नंबर वाढवणं हे त्याचं काम. थीमने नंबर दिलाच नसेल तर वर्डप्रेस स्वतःचा नंबर लावतं, आणि तो तर वर्डप्रेस अपडेट होईपर्यंत हलत नाही. फाइल बदलली की नंबर आपोआप बदलेल अशी सोय दोन मिनिटांत करता येते, त्याला माहीत असतं.

उलट चूकही होते, तीही बघून ठेवा. काम संपलं, पैसे घेतले, आणि कॅश बंदच राहिली. डेव्हलपमेंट मोडची ओळ तशीच, चुका दाखवणारा डीबग मोडही चालू, म्हणजे काही बिघडलं तर गिऱ्हाइकाला साइटच्या फाइलींचे पत्ते असलेला इंग्रजी मजकूर दिसणार. म्हणून ताबा घेताना त्याच्यासमोर बसून, नाहीतर स्क्रीन शेअर करून हे बघा : त्या ओळी काढल्या का, कॅश प्लगइन चालू झालं का, कार्ट आणि चेकआउट त्यातून वगळलेत का. मग एका फोनवर वायफाय, दुसऱ्यावर मोबाइल डेटा, दोन्हीकडे लॉगिन नसलेली साइट उघडा, एक वस्तू कार्टमध्ये टाका. बाहेरचा भाव आणि आतला भाव एकच आला की उरलेला हप्ता लगेच ट्रान्सफर करा, त्यालाही ताटकळत ठेवू नका.